मूठ बसवलेलं डोकं

आमच्या जोहे गावात माणसाच्या दोनच जाती. एक आखणी करणारा आणि दुसरा बाकीचं सगळं करणारा. आखणी म्हणजे गणपतीचे डोळे काढणं. माती मळणारे, साचे भरणारे, रंग मारणारे दिवसभर घाम गाळतात, आणि आखणीवाला पंख्याखाली बसून चार केसांचा ब्रश फिरवतो आणि चहा कुठं राहिला म्हणून ओरडतो. मी आखणीवाला. चौथीपर्यंत शाळेत गेलो, पाचवीत मास्तरांनी मला आणि मी मास्तरांना सोडून दिलं. पण उजव्या हातात रेघ होती. कारखान्याचा शेठ गिऱ्हाइकाला सांगायचा, याच्या हाताला देवाचा वास हाय. डोक्याबद्दल तो कधी काय बोलला नाय, यावरून मी समजायला पायजे होतं.

आखणीची एक रीत हाय. पापणीची वरची रेघ ओढताना श्वास धरायचा. छाती हलली की हात हलतो, हात हलला की बाप्पा तिरळा. रेघ संपली की श्वास सोडायचा. एका डोळ्याला एक श्वास, असं आमच्या बापजाद्यांपासून चालत आलंय. मी सुधारणा केली. दोन डोळ्यांना एक श्वास. कोणी सांगितलं नव्हतं, बाप्पाला पण घाई नव्हती. पण बघणारे आ करून बघायचे, आणि कोणी आ करून बघितलं की मला पुढचं दिसत नाय.

त्या आषाढात कोलाडचा एक हॉटेलवाला मंडळाची मूर्ती बघायला आला. हायवेला त्याचं वडे-मिसळीचं हॉटेल. मोबाईल काढून बोलला, "तुमचं एका श्वासाचं ऐकलंय. जरा दाखवा, व्हिडिओ टाकतो."

मूर्ती मोठी, म्हणून मी स्टुलावर चढलेलो. डावा डोळा झाला, मधलं अंतर झालं, उजवा डोळा सुरू केला. छातीत हवा संपलेली. शहाणा माणूस थांबला असता. मी कॅमेऱ्याकडं बघून जरासा हसलो. त्या व्हिडिओत ते हसणं नीट दिसतं, नंतर कितीतरी मोबाईलवर मला ते दाखवलं गेलंय. हसणं, मग डोळे वर, मग रिकामं स्टूल.

खाली शाडूच्या मातीचा मोठा गोळा ठेवलेला होता, आणि त्यात माझी कोरणी खोचलेली. कोरणी म्हणजे मातीत बारीक नक्षी काढायची सळई. सगळे कारागीर काम झालं की कोरणी टोक खाली करून गोळ्यात खोचतात. मी मूठ खाली आणि टोक वर. कारण टोक दिसलं की कुठली कोरणी ते बघूनच कळतं, शोधावं लागत नाय. आमची ही हिऱ्यांचं काम करते, म्हणजे मुकुटावर खडे चिकटवते, ती वर्षानुवर्षं बोलायची, "अवो, एक दिवस कोणाच्या तरी पायात जाईल ती." मी बोलायचो, माझ्या कामात बोलू नको. बाईचा अंदाज चुकला. पायात नाय गेली.

ती कोरणी मीच केलेली होती. सहा इंची खिळा घासघासून धार काढलेली आणि सागाची मूठ बसवलेली. इतकी चांगली हत्यारं मी दुसऱ्याला वापरायला देत नसे.

दुखलं नाय, खरं सांगतो. कोणी तरी टपली मारावी तसं वाटलं. मी उठून बसलो, अंग झाडलं आणि पयला प्रश्न विचारला, "डोळ्याला धक्का लागला काय?" मी बाप्पाच्या डोळ्याबद्दल विचारत होतो. शेठ पण तिकडंच बघत होता. तो बोलला, "नाय, डोळा बरा हाय." मग त्यानं माझ्याकडं बघितलं आणि हळूच खाली बसला. हॉटेलवाल्याच्या हातातला मोबाईल अजून चालूच. मी कपाळाला हात लावला, काय नाय. डोक्याच्या मागं लावला, काय नाय. डाव्या कानाच्या वर चार बोटं, तिथं हातात माझी सागाची मूठ आली.

आता तुम्ही बोलाल, माणूस घाबरला असेल. नाय. माणूस कारखान्यात वाढलेला. ओल्या मूर्तीत काय घुसलं, काडी, खिळा, कोणाचं बोट, तर आमच्यात एकच नियम. माती सुकायच्या आत ओढून काढायचं, भोकात मऊ माती भरायची आणि ओल्या बोटानं फिरवून घ्यायचं. कोणाला कळत पण नाय. मी आयुष्यभर तेच केलेलं. म्हणून मी एकदम शांतपणे बोललो, "बघताय काय रे, ओढा. सुकायच्या आत."

कोणी पुढं येईना. माझा मेहुणा, हिचा भाऊ, रोह्याला केमिकल कंपनीत शिफ्टला असतो. त्या दिवशी त्याची सुट्टी म्हणून आलेला. कंपनीत त्याचा सेफ्टीचा कोर्स झालाय, सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय. मी बोललो, तू ओढ, तुला शिकवलंय. तो जागेवर आडवा झाला. म्हणजे आता कारखान्यात दोन पेशंट झाले, आणि लोकांनी पाणी पयलं त्याच्या तोंडावर मारलं.

मग मीच मूठ धरली. उजव्या हातानं, त्याच देवाचा वास असलेल्या. आणि जरा ओढली.

जराच. आत काहीतरी हललं, दात हलतो तसं, पण दात नाय. तेवढ्यात माझ्या हातावर सणकन फटका बसला. हिनं मारलान. हाताला खडे आणि डिंक लागलेला, तो पण माझ्या मनगटाला चिकटला.

"हात नुका लावू," ती बोलली. "शिंगाळीचा काटा वडत नाय कोनी."

हिचं माहेर रोह्याच्या खाली, कुंडलिकेच्या खाडीवर. मासेमारीवाले लोक. शिंगाळी म्हणून मासा असतो, त्याच्या काट्याला करवतीसारखे उलटे दात. जाळं सोडवताना हातात घुसला की जाताना सरळ जातो, आणि ओढला की येताना मांस घेऊन येतो. हिच्या बापानं तरुणपणी मर्दपणा करून एक ओढलेला, तेव्हापासून त्याचं एक बोट सरळच राहतं, तंबाखू मळताना पण बाजूला उभं असतं. म्हणून त्यांच्यात घुसलेला काटा घुसलेलाच ठेवतात, फडकं गुंडाळतात आणि कापून काढणाऱ्याकडं नेतात.

मी बोललो, "हा मासा नाय, खिळा हाय. मी घासलेला. गुळगुळीत हाय."

ती बोलली, "गप बसा. मासा असता तर त्याला अक्कल असती."

शेठच्या टेंपोत मला घातला. मूर्ती नेताना धक्का लागू नये म्हणून पेंढा भरतात, तसाच माझ्या चारी बाजूंनी पेंढा भरला, मानेखाली जरा जास्त. हमरापूर फाट्यावरून जाताना एक बाई हात जोडताना दिसली. तिला वाटलं असेल बाप्पा चाललाय. मी पण मान हलवणार होतो, हिनं दोन्ही हातांनी डोकं धरलेलं.

पेणच्या दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्यानं बघितलं, आणि त्याचा हात मुठीकडं गेलाच नाय. मला जरा निराशाच वाटली. त्यानं चहाचा कागदी कप घेतला, बूड कापलं, तो मुठीभोवती बसवला आणि पट्टीनं घट्ट केला, म्हणजे कोणाचा धक्का लागायला नको. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, दुसरं एक दिलं. मग विचारलं, "याला कोणी हात लावला काय? हलवलं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. शाळेतसुद्धा इतकी एकी बघितली नव्हती.

"जरासं," मी बोललो.

त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं. वाचता आलं नाय, पण फार कौतुकाचं नसणार.

तिथून अँब्युलन्स, पनवेलच्या पुढं एका मोठ्या हॉस्पिटलात. मुंबई-गोवा रस्ता ज्यानं बांधला, बांधतोय आणि पुढं पण बांधत राहणार, त्याला माझा नमस्कार. प्रत्येक खड्ड्याला ही कपावर हात ठेवायची आणि ड्रायव्हरच्या आईची आठवण काढायची. ड्रायव्हर पण खाडीकडचाच होता, त्याला सगळं समजत होतं.

मोठ्या हॉस्पिटलात मेंदूचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरबाई होत्या. माझ्या पोरीच्या वयाच्या असतील, मला पोरगी असती तर. डोक्याचा फोटो काढला, मशिनीत घालून. कम्प्युटरवर माझा मेंदू दिसत होता आणि मधोमध लोखंडाभोवती चमचम, दिवाळीत फुलबाजी पेटते तशी. डॉक्टरबाई बोलल्या, लोखंडामुळं फोटोत असं दिसतं, त्यामुळं त्याच्या शेजारी काय झालंय ते नीट कळत नाय. रक्ताच्या नळ्या बघायला औषध सोडून परत फोटो काढला. मोठी नळी वाचलेली होती. देव हाय, असं मी बोललो. त्या बोलल्या, "दोन-चार केसांनी वाचलीय." आमच्या ब्रशला पण तेवढेच केस असतात. मला बरं वाटलं, का ते माहीत नाय.

मग फॉर्म आला. माझी सही म्हणजे अक्षर नाय, एक नागमोडी रेघ, पण एका श्वासात काढलेली. मी ऐटीत पेन घेतला. तो पडला. परत घेतला, परत पडला. बोटं होती, दिसत होती, मी त्यांना सांगत होतो धरा, आणि ती नवीन लागलेल्या मजुरासारखी नुसती बघत उभी. मी हसायला गेलो तर तोंडाची उजवी बाजू हसायला आली नाय.

तेव्हा पयल्यांदा मला भीती वाटली. मरायची नाय. मेलेला माणूस आखणी करत नाय, त्याला कोणी काय बोलत नाय. पण जिवंत राहून हात असा राहिला, तर मग मी कोण? माती मळणारा पण नाय, त्याला पण दोन हात लागतात. हिनं अंगठ्याला शाई लावली, माझा अंगठा कागदावर दाबला आणि खाली स्वतःचं नाव लिहिलं. सातवी पास हाय ती. मी लग्नात सांगितलेलं, बाईला एवढं शिक्षण कशाला.

"हात परत येईल काय?" मी विचारलं. जीभ पण जड झालेली, दोनदा विचारावं लागलं.

डॉक्टरबाई बोलल्या, "हात जिथून चालतो त्या जागेच्या शेजारीच गेलंय. आत थोडं रक्त साठलंय. उघडल्यावर बघू. आता काही बोलत नाही."

"ओढून काढणार ना?"

"नाही. ओढत नाही आम्ही. आजूबाजूचं हाड गोल कापून उचलायचं, आत काय चाललंय ते डोळ्यांनी बघायचं, रक्त आलं तर थांबवायची तयारी ठेवायची, आणि मग जशी गेली त्याच वाटेनं हळूहळू बाहेर. घाईत ओढली की आत कोंडलेलं रक्त सुटतं आणि आपण बाहेरून बघत बसतो."

ही कोपऱ्यात उभी होती. नुसती माझ्याकडं बघत राहिली. बोलली असती तर बरं झालं असतं.

मग डॉक्टरबाईंनी विचारलं, "टोकाला काय लागलेलं होतं?"

हे माझं खातं. मी अडखळत सांगितलं, शाडू, चांगल्या प्रतीची, आठवडाभर भिजत घातलेली, पायांनी तुडवलेली. जितकी मुरते तितकी चिकट होते, वास पण येतो.

"म्हणजे आठवडाभर मुरलेली, पायांनी तुडवलेली माती मेंदूत आहे," त्या बोलल्या, आणि शेजारच्या नर्सला अजून एक औषध वाढवायला सांगितलं. आमच्या मालाची इतकी नीट जाहिरात कोणी केली नव्हती.

ऑपरेशनचं मला काय माहीत नाय, मी झोपलेलो. नंतर सांगितलं ते असं. कोरणी सरळ निघाली. हाडाचे बारीक तुकडे आत गेलेले, दोन केस आणि माती, ते सगळं धुऊन काढलं. मेलेला भाग तेवढा उचलला, चांगल्याला हात लावला नाय. कापलेलं हाड मातीनं खराब झालेलं म्हणून परत बसवलं नाय. आणि मेंदूवर जो पडदा असतो तो फाटलेला, त्याला आतलं पाणी गळू नये म्हणून माझ्याच मांडीतून एक पातळ पडदा काढून ठिगळ लावलं. लोक बोलायचे, याची अक्कल गुडघ्यात. आता मांडीपर्यंत वर आलीय, लेखी पुरावा हाय.

मी जागा झालो तेव्हा पयलं उजव्या हाताकडं बघितलं. चादरीवर पडलेला. मी सांगितलं, ऊठ. तो कोणाच्या तरी दुसऱ्याच्या घरातला असल्यासारखा. चौथ्या दिवशी अंगठा हलला. मी नर्सला बोलावून दाखवला, तर तेव्हा हलला नाय. कॅमेऱ्यासमोर काम करायची हौस फक्त मालकाला, हाताला नाय.

हॉस्पिटलात फार दिवस ठेवलं, रोज सलाईनमधून औषध, कारण मातीवर कोणाचा विश्वास नव्हता. तिथून सुटलो तो रोह्याला सासुरवाडीला, कारण जोह्यात सीझन, आणि सीझनमध्ये आजारी माणूस म्हणजे वाटेत ठेवलेला पाट. सासू बोलली, जावाय आला, सुरमई आना. सुरमई समोर आली तरी सगळ्यांचं लक्ष माझ्या डोक्यावर, डाव्या बाजूला हाड काढलेल्या जागी खड्डा, खाली वाकलो की भरायचा, ताठ बसलो की रिकामा. आजूबाजूची माणसं रोज बघायला यायची. मी वाकून दाखवायचो. एका म्हाताऱ्यानं विचारलं, आत काय हाय? सासरा बोट उभं करून बोलला, "तेच डॉक्टर पन शोधत होते."

फिजिओवाल्यानं सांगितलेलं, रबरी चेंडू दाबायचा. चेंडू मला जमेना, निसटायचा. मग हिनं जोह्यातून पिशवीभर शाडू आणली. माती दिली तर बोटं ओळखीचं माणूस भेटल्यासारखी वळली. दिवसभर नदीकाठी बसून मी मातीची वांगी करायचो. वांगंच जमायचं. केळं लांब पडतं, मध्येच हात विसरायचा.

आता माझं दुसरं शहाणपण ऐका. झटके येऊ नयेत म्हणून रोजच्या गोळ्या होत्या. डॉक्टरबाईंनी हिला तीनदा सांगितलं, मला एकदाच, कारण त्यांना समजलेलं कोणाला सांगून उपयोग हाय. गोळ्यांनी मला झोप यायची. झोप आली की वांगी व्हायची नायत. मला घाई झालेली, हात लवकर परत पायजे होता. म्हणून आठ-दहा दिवस मी गोळी जिभेखाली ठेवून नंतर नदीत थुंकली. कुंडलिकेतल्या माशांना त्या काळात एकदाही झटका आला नसेल. मला आला. भाताचा घास तोंडाशी, आणि पुढचं मला आठवत नाय. शुद्धीवर आलो तर सासू रडतेय, मेहुणा यावेळी उभा हाय, त्यानं मला कुशीवर केलेलं आणि तोंडातला भात काढलेला. सर्टिफिकेट खरं निघालं.

ही बोलली, "गोळी खाल्ली नाय ना?"

"खाल्ली," मी बोललो.

"कवा?"

तिनं माझा उजवा हात उचलला. इतक्या दिवसांत बोटं उघडायला लागलेली, आता परत सगळी मिटलेली. ती एकेक बोट उघडून बघत होती, मुकुटाचा खडा निसटला की बघते तशी. त्या झटक्यानं महिनाभराचं काम मागं गेलं. ते मात्र सगळं माझ्या नावावर, कोरणीच्या नाय, स्टुलाच्या नाय.

सहा महिन्यांनी परत ऑपरेशन, खड्डा बुजवायला. डॉक्टरबाईंनी आधी समजावून सांगितलं की पावडर आणि पातळ औषध मिसळायचं, लापशी होते, साच्यासारखी बसवायची, गरम होते आणि कडक होते. मी खूश. "म्हणजे माझंच बरोबर होतं," मी बोललो. "भोक भरायचं होतं फक्त."

"हो," त्या बोलल्या. "सहा महिने घाई झाली तुमची."

हातानं बरीच मजल मारली. भात खातो, बटण लावतो, दाढी करतो, चारातल्या एका दिवशी रक्त पण निघत नाय. या वर्षी आषाढात शेठनं बोलावलं. त्याचं माझ्याशिवाय अडलेलं नव्हतं, पण वीस वर्षांच्या हाताची त्यानं किंमत ठेवली. पंख्याखालची जागा मोकळी केली, घरातल्या गणपतीची एक लहान मूर्ती समोर ठेवली आणि मुद्दाम दुसरीकडं बघत उभा राहिला. ही खडे चिकटवत होती, एकाच खड्यावर बराच वेळ.

मी श्वास धरला. एका डोळ्याला एक, जुन्या रीतीप्रमाणं. वरची रेघ सुरू झाली, मध्यापर्यंत बरी गेली. मग हात मध्येच थांबला, परत निघाला, पण वेगळ्या वाटेनं. बाप्पाला डोळा आला. साथीत माणसाला येतात तसा, सुजलेला.

शेठ पुढं आला. ओलं फडकं घेतलं, डोळा पुसला, मूर्ती दुसऱ्यासमोर ठेवली. मग एक फळी माझ्यासमोर आणली. फळीवर उंदीर. बाप्पाच्या पायाशी असतात ते.

"हे कर सध्या," तो बोलला.

उंदराचा डोळा म्हणजे एक काळा ठिपका. श्वास धरायची गरज नाय, खोकलं तरी चालतं. मी आता उंदरांचा आखणीवाला. चहा मागवला तर येतो, पण शेवटी. माती मळणारे मला वाकून नमस्कार करतात आणि विचारतात, मूषकराजांची काय आज्ञा. मी सांगतो, कोरण्या टोक खाली करून खोचा.

दुपारी सगळे जेवायला गेले की मी मागच्या खोलीत जातो. तिथं एक फुटलेली मूर्ती हाय, सोंड तुटलेली, शेठनं बाजूला टाकलेली. तिचे डोळे मी रोज काढतो. हिला माहीत हाय, ती डबा घेऊन दारात बसते आणि कोणी आलं तर मोठ्यानं विचारते, काय पायजे. गोळी आधी हातावर ठेवते, मी गिळली का ते तोंड उघडायला लावून बघते, मग ब्रश देते.

काल उजवा डोळा बरा आला. म्हणजे खरंच बरा, मी बोलतो म्हणून नाय, ती उठून जवळ आली आणि तिनं डबा खाली ठेवला.

"डावा पन करा," ती बोलली.

डाव्याला हात थकला. रेघ गेली ती कानापर्यंत गेली. आम्ही दोघांनी थोडा वेळ बघितलं.

"उजवा राहू दे काय?" ती बोलली.

"एक डोळा ठेवून काय करायचाय," मी बोललो, आणि फडकं मागितलं. तिनं दिलं नाय. तिनंच पुसला, डावा तेवढा. उजवा तसाच ठेवला आणि मूर्तीवर फडकं टाकलं.

जेवताना बोलली, "उद्या डाव्यापासून सुरू करा. तवा हात थकलेला नसतो."